रुमाल टाकून धरलेली जागा

मित्रांनो, दोरीच्या आत येऊ नका, असे तुम्हाला दाराशीच बजावले आहे. तेव्हा आहात तिथूनच ऐका. मी एक जुना बाक आहे. होय, बसायचा बाक. शेजारच्या पाटीवर काहीतरी भारदस्त लिहिले आहे आणि डोक्यावर दिवाही सोडला आहे, त्यामुळे तुमचा गोंधळ होणे साहजिक आहे. तुमच्या बाईंनी पाटी वाचली, मान हलवली आणि त्या तुम्हाला घेऊन पुढच्या वस्तूकडे निघाल्या. एक मुलगी मात्र मागे रेंगाळली आहे. तिला नवा बूट चावतो आहे आणि ती माझ्याकडे पाहते आहे. ती नजर मी चांगली ओळखतो, म्हणून आज बोलावेसे वाटले.

मी इथला नाही. मी जिथून आलो तिथे असेच एक मोठे कलाकेंद्र आहे. एका छपराखाली नाट्यगृह, सिनेमाचा हॉल आणि चित्रांचे दालन, आणि तिघांच्या मधोमध एक लॉबी. तिथल्या रंगमंचाची जमीन जुनी झाली, तेव्हा ती उखडून नवी घालायचे ठरले. जुन्या फळ्या जळणात जायच्या होत्या. पण नाट्यगृहाचे सुतारमामा आडवे आले. "एवढं सोन्यासारखं लाकूड! चुलीत घालायला जीव कसा होतो तुमचा?" असे म्हणून त्यांनी त्यातल्या चांगल्या फळ्या कारखान्यात नेऊन ठेवल्या. नाटकाची कामे सांभाळून, मिळेल त्या वेळात, त्यांनी त्या फळ्यांतून मला घडवले.

मला तासताना त्यांनी एक जागा मुद्दाम सोडली. रंगमंचावर नटाने कुठे उभे राहायचे ते कळावे म्हणून फळीवर पांढऱ्या रंगाची फुली मारतात. तशी एक फुली माझ्या डाव्या टोकाला होती. तिच्यावरून त्यांनी रंधा फिरवलाच नाही. का, ते मला नंतर कळले.

सुतारमामांचे काम मोठे अजब होते. नाटकातली घरे, जिने, दारे, खिडक्या सगळे ते उभे करायचे. घर असे बांधायचे की पडदा उघडताच लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. नाटकाचे प्रयोग संपले की त्याच घराचे खिळे स्वतःच्या हातांनी उपटायचे, कारण पुढच्या नाटकाला लाकूड लागायचे. जन्मभर त्यांनी घरे बांधली आणि जन्मभर मोडली. लॉबीच्या भिंतींवर नटनट्यांचे फोटो होते, लेखकांचे होते, एका मांजराचाही होता, कारण ते एकदा भर प्रयोगात रंगमंचावर आले होते. सुतारमामांच्या हातचे मात्र त्या इमारतीत काही म्हणजे काही उरत नसे. मला लॉबीत आणून ठेवले त्या दिवशी ते माझ्यावर थाप मारून म्हणाले, "हा एक तरी राहील."

ते हे ज्यांना म्हणाले त्या मामी. मामी म्हणजे सुतारमामांची बायको. त्या कपडेपटात शिवणकाम करायच्या. राजाचा अंगरखा असो की भिकाऱ्याची लक्तरे, सगळे त्यांच्या सुईखालून जायचे. मामा ताडमाड उंच आणि मामी बोराएवढ्या. पहिल्या दिवशी त्या माझ्यावर बसल्या आणि त्यांचे पाय हवेत लोंबकळू लागले.

"अहो, हे काय! शाळेतल्या पोरीसारखी दिसतेय मी."

"वय कमी दिसतंय, तर तक्रार कसली करतेस?"

"पाय टेकत नाहीत माझे. मी नाही बसायची."

दुसऱ्या दिवशी मामा करवत घेऊन आले आणि त्यांनी माझे चारही पाय दोन बोटे कापले. मामींचे पाय टेकले. मामांचे गुडघे मात्र हनुवटीला लागायला आले. ते माझ्यावर बसले की उंट बसल्यासारखे दिसायचे, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. लॉबीत येणारे उंच लोक कुरकुर करायचे. "कुणी केलाय हा बुटका बाक?" असे म्हणत बसायचे आणि उठताना "आई गं" करायचे. मी म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. तरी माझ्यावर जागा रिकामी कधी नसायची. तिकीट काढून सोबत्याची वाट पाहणारे, चित्रे पाहून पाय भरून आलेले, नाटक पाहून रडलेले आणि लगेच बाहेर जायची लाज वाटणारे, असे सगळे माझ्यावरच टेकायचे. लॉबीत दुसरा बाक नव्हता.

म्हणूनच या दोघांचा एक नेम होता. दुपारच्या चहाला जो आधी येईल त्याने दुसऱ्याची जागा धरायची. बहुतेकदा मामाच आधी यायचे, अंगावर भुसा घेऊन. मामींची इस्त्री आवरायची असायची. मग मामा खिशातून रुमाल काढायचे आणि त्या पांढऱ्या फुलीवर टाकायचे. राजाच्या अंगरख्यातून उरलेल्या निळ्या कापडाचा तो रुमाल मामींनीच शिवला होता. कुणी बसायला आले की मामा म्हणायचे, "तिथं नको हं. जागा धरलीय." नटाने कुठे उभे राहायचे ते सांगणारी फुली त्यांनी का राखली, ते मला तेव्हा उमगले. मामींनी कुठे बसायचे, हे त्यांना कायमचे ठरवून टाकायचे होते.

दोघे निवृत्त झाले तरी त्यांचा बुधवार सुटला नाही. बुधवारी दुपारी सिनेमाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी जुने चित्रपट लावायचे. दोघे हात धरून यायचे. दिवे मालवले की मामा घोरायला लागायचे, हे लॉबीतही ऐकू येई. चित्रपट संपला की माझ्यावर बसून मामी त्यांना अख्खी गोष्ट सांगायच्या.

"मग तो परत आला का गं?"

"डोळे उघडे ठेवले असतेत, तर कळलं असतं."

"तू सांगतेस तेच बरं असतं. सिनेमात उगाच गाणी."

मग एका बुधवारी दोघेही आले नाहीत. त्यानंतरचे कितीतरी बुधवार आले नाहीत. आणि मग मामी एकट्या आल्या. त्यांनी निळा रुमाल काढला, मामांच्या जागेवर पसरला आणि स्वतः फुलीवर बसल्या.  हलकेच म्हणाल्या, "आधी गेलात ना? मग जागा तुम्ही धरायची. ते काम मला का लावलंत?" आणि मग त्यांनी रुमालाला त्या दिवसाच्या चित्रपटाची गोष्ट सांगितली. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या दिवशी मला भडभडून आले.

पुढे दर बुधवारी तसेच चालू राहिले. मामींचे गुडघे दुखू लागले होते. सिनेमाच्या हॉलपासून माझ्यापर्यंतचे अंतर त्या भिंतीला धरून यायच्या आणि माझ्यावर टेकताना "सुटले बाई" म्हणायच्या. मला वाटायचे, माझा सगळा जन्म त्या दोन शब्दांसाठीच आहे.

मग दालनात ते प्रदर्शन आले. दूरच्या कुणा मोठ्या कलावंताचे होते. वापरून झिजलेल्या वस्तू त्याने मांडायला पाठवल्या होत्या. एक दार, एक फुटका आरसा, पायरीचा दगड आणि असेच काही. मांडणी करणाऱ्या कामगारांना दिवे लावण्यासाठी उंच काहीतरी हवे होते. त्यांनी लॉबीतून मला उचलून आत नेले, माझ्यावर उभे राहून दिवे लावले आणि मला तिथेच सोडून ते जेवायला गेले. कलावंताची एक पेटी वाटेत गहाळ झाली होती, पण तिची पाटी मात्र येऊन पडली होती. 'प्रतीक्षा. लाकूड. कृपया स्पर्श करू नये.' पाटी लावणाऱ्याने एका हातात पाटी धरली, समोर लाकडाचा झिजलेला मी. आता तुम्हीच सांगा, त्याचे तरी काय चुकले? त्याने माझ्या बाजूला पाटी ठोकली आणि भोवती दोरी बांधली. लॉबीत माझ्या जागी कुणीतरी झाडाची मोठी कुंडी आणून ठेवली.

चूक सगळ्यात आधी कळली ती उभेदादाला. उभेदादा म्हणजे दालनाचा पहारेकरी. दिवसभर उभा असायचा म्हणून त्याला सगळे तसे म्हणत. कुणी नसले की तो लॉबीत येऊन माझ्यावर बसायचा आणि बूट काढून पाय चोळायचा. आता त्याच्यावर पाळी आली मला कुणी बसू नये म्हणून राखायची! तो दालनाच्या प्रमुख बाईंकडे गेला.

"बाई, हा आपला लॉबीतला बाक आहे. चुकून आत आलाय."

बाईंनी डोक्याला हात लावला. पण तोवर पाहुणे येऊन गेले होते आणि वर्तमानपत्रात छापूनही आले होते. 'बाकाची मुद्दाम ठेवलेली कमी उंची माणसाचे खुजेपण दाखवते आणि फुली म्हणजे नकार,' असे एका जाणकाराने लिहिले होते. मामींचे पाय टेकावेत म्हणून कापलेले माझे पाय! बाई म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रदर्शन संपलं की गुपचूप बाहेर ठेवू. तोवर कुणाला बोलू नका." खोटे कशाला बोलू, पहिले दोन दिवस मलाही बरे वाटले. डोक्यावर दिवा, समोर गर्दी, फोटो. एवढे मानाचे पान मला कुणी वाढले होते? मग बुधवार आला.

मामी सिनेमा पाहून बाहेर आल्या आणि कुंडीसमोर थांबल्या. इकडेतिकडे पाहिले. भिंतीला धरून त्या दालनाच्या काचेच्या दारापर्यंत आल्या आणि त्यांना मी दिसलो. दिव्याखाली, दोरीच्या आत, माणसांच्या घोळक्यात. 

"उभेदादा, हा आमचाच ना रे?"

"हो, मामी."

"इथं कसा? आणि पाटीवर काय लिहिलंय? मला बारीक अक्षर दिसत नाही."

"प्रतीक्षा, असं लिहिलंय."

"आणि नाव? करणाऱ्याचं नाव लिहितात ना खाली?"

पाटीवर त्या दूरच्या कलावंताचे नाव होते. उभेदादाने पाटीकडे पाहिले आणि मामींकडे पाहिले. मग घसा खाकरून त्याने सुतारमामांचे नाव वाचले. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक आवाजात.

मामींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. "जन्मभर केलं ते सगळं मोडलं रे त्यांनी," त्या म्हणाल्या. "आज बघायला हवे होते."

आता उभेदादाचीच पंचाईत झाली. मामी काचेच्या दाराला टेकल्या होत्या. तो म्हणाला, "मामी, गर्दी गेली की मी दोरी सोडतो. बसा थोडा वेळ. कुणी काही म्हणणार नाही."

"छे, छे! यांची वस्तू मांडलीय आणि मीच तिच्यावर बसू? उद्या सगळेच बसतील. तू नीट राख हो."

आणि मामी उभ्या राहिल्या. दर बुधवारी त्या येत आणि दोरीचा पितळी खांब धरून उभ्या राहत. एकदा शेजारणीला घेऊन आल्या आणि तिला म्हणाल्या, "ही फुली आहे ना, ती माझी जागा." लोक निघून गेले की हळू आवाजात मामांना त्या दिवसाची गोष्ट सांगत, उभ्यानेच. गोष्टी हळूहळू लहान होऊ लागल्या. पाय जास्त वेळ साथ देत नव्हते. माझ्यावर त्यांची दोन हातांची जागा रिकामी होती आणि त्या माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. मला पाय आहेत मित्रांनो, पण चालता येत नाही. त्या दिवसांत मला स्वतःच्या पायांचा संताप यायचा.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवसही बुधवारच होता. मामी आल्या त्या हसतच. "उद्या दोरी काढणार ना रे?"

"उद्या सकाळीच काढतो, मामी. तुम्ही पहिल्या बसायचं."

"मग काय, चहा घेऊन येते. यांचा कपही आणते." मग त्यांनी गोष्ट सुरू केली. एका बाईचा नवरा समुद्रावर जातो, ती दाराशी रोज नवा दिवा लावते. बोलता बोलता मामी थांबल्या, त्यांना धाप लागली होती. "आज पुरे. शेवट उद्या सांगते, बसून." त्यांनी पिशवीतून निळा रुमाल काढला, नेम धरला आणि दोरीवरून माझ्यावर टाकला. तो बरोबर फुलीवर पडला. "तुमची जागा तर आहेच," त्या म्हणाल्या, "माझी धरून ठेवा." उभेदादाने पाहिले आणि मान दुसरीकडे फिरवली.

त्या संध्याकाळी ठरले की गर्दी फार होते आहे, तेव्हा प्रदर्शन महिनाभर वाढवावे.

सकाळी झाडणारी बाई रुमाल उचलायला वाकली, तशा दालनाच्या बाई दारातूनच ओरडल्या, "हात नका लावू! ते त्यातलंच असेल." मी लॉबीतला बाक आहे हे ठाऊक असूनही त्या तसे म्हणाल्या. दिव्याखाली ठेवलेल्या वस्तूची माणसांना भीतीच वाटते.

मामी आल्या तेव्हा त्यांच्या हातात थर्मास होता आणि दोन कप होते. दोरी तशीच होती. उभेदादा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मामी, प्रदर्शन वाढलंय. अजून एक महिना."

"यांचं?"

उभेदादाचे तोंड उघडले. मला दिसत होते, त्याच्या जिभेवर खरे येऊन थांबले होते. ते सांगितले तर मामी बसू शकल्या असत्या, पण मामांचे नाव पुसले गेले असते. धरले तर चावते, सोडले तर पळते. "मामी, त्या पाटीवर..." एवढे तो बोलला.

"लोकांना अजून बघायचंय होय?" मामींचा चेहरा उजळला होता.  "मग बघू देत. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं त्यांचं काम. मी काय, पुढच्या महिन्यात बसेन."

उभेदादाने शब्द गिळला. मामी हळूहळू वळल्या. लॉबीत बसायला काहीच नव्हते, ती कुंडी तेवढी होती. काचेच्या दारांतून मला पार बाहेरच्या पायऱ्या दिसत होत्या. मामी त्या दगडी पायरीवर बसल्या. शेजारी त्यांनी पिशवी ठेवली, म्हणजे तिथे दुसरे कुणी बसणार नाही. दोन्ही कपांत चहा ओतला. एक प्यायल्या. दुसरा निवला तेव्हा तो कडेच्या मातीत ओतला आणि कठडा धरून उठल्या.

पुढच्या बुधवारी मामी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी उभेदादा कामावर उशिरा आला. त्याच्या केसांतून पाणी निथळत होते. दालनाच्या बाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामी गेल्या. पोहोचवून आलो." आणि मग भिंतीला टेकून त्याने त्यांना सगळे सांगितले. फुली, कापलेले पाय, पाटी वाचताना त्याने घेतलेले सुतारमामांचे नाव, रुमाल.

बाईंचे डोळे भरून आले. "हे आधी का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं, तर काढला असता का बाक?"

 बाई रुमालाजवळ आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. पण रुमालासकट माझा फोटो पुस्तिकेत छापून झाला होता आणि प्रदर्शन पुढे गावोगाव जायचे ठरले होते. त्यांनी हात मागे घेतला.

मला पेटीत घालण्याच्या दिवशी उभेदादा आला. हातमोजे घातलेले कामगार मला उचलणार एवढ्यात तो म्हणाला, "थांबा जरा." रुमालाचे एक टोक दुमडले होते. ते त्याने सरळ केले. बस, एवढेच. मग तो जाऊन आपल्या जागी उभा राहिला.

तेव्हापासून मी असा हिंडतो आहे. नवे शहर, नवे दालन, शेजारी तसेच नाट्यगृह आणि नाटकाची तीच तिसरी घंटा. प्रत्येक ठिकाणी माझे कौतुक होते. रुमालाचेही होते. तो निळा का, यावर लोक बोलतात. पण मित्रांनो, कितीतरी दिवसांत मला कुणी "सुटले बाई" म्हटलेले नाही. आणि त्या समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचे पुढे काय झाले, तो परत आला का, ते मला अजून ठाऊक नाही. त्या गोष्टीचा शेवट बसून सांगायचा राहिला.

तुमच्या घरीही कुणीतरी असेल, ज्याचे पाय दुखतात. 'मी काय, नंतर बसेन,' असे ते म्हणत असेल. त्याचे ऐकू नका. हाताला धरून बसवा. वस्तू जपायच्या असतात, पण त्या माणसांनी वापराव्यात म्हणून जपायच्या असतात. महिनाभराने काढायची दोरी आजच काढा.

आणि ए, नव्या बुटाच्या मुली, तू अजून तिथेच आहेस. ये. दोरीखालून वाकलीस की आत येशील. पहारेकरी ओरडेल, ओरडू दे. मी बुटका आहे, तुझे पाय टेकतील. बूट काढ आणि खुशाल बस. उजवीकडे बस हं, ती जागा सुतारमामांची आहे, ते तुला काही म्हणणार नाहीत. फक्त रुमाल आहे तिथे नको. ती जागा धरलेली आहे.